एस्सेलवर्ल्ड: कोण कोण गेलं होतं? आठवणी इथे लिहा

मधलीसुट्टी

मुंबईत गोराईचं एस्सेलवर्ल्ड बंद पडलं त्यालाही आता काही वर्षं झाली. कोविडमध्ये दारं लागली, त्यानंतर पार्कने पुन्हा काही जीव धरला नाही. शेजारचं वॉटर किंगडम सुरू आहे, पलीकडे पॅगोडा बघायला लोक जातात, पण ते पाळणे, ते रोलर कोस्टर, ती किंचाळी संपली. परवा भाच्यापुढे विषय काढला तर त्याने विचारलं, "म्हणजे इमॅजिकासारखं?" म्हटलं, अरे, इमॅजिका आलं २०१३ साली! तेव्हा धागा काढणं भाग आहे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. दिल्लीत अप्पू घर १९८४ पासून होतं, पण आपल्या बाजूला असं काही नव्हतं. आपल्याला पाळणा म्हणजे जत्रेतला, नाहीतर चौपाटीवरचा, जो एक काका हाताने ढकलून फिरवायचे आणि पैसे संपले की पोटाने अडवून थांबवायचे. सुभाष चंद्रांच्या एस्सेल ग्रूपने गोराईला हा पार्क काढला. झी टीव्ही त्यानंतर, १९९२ मध्ये. म्हणजे ज्या घरात केबल यायची होती त्या घरातसुद्धा एस्सेलवर्ल्ड आधी पोचलं होतं. त्या जिंगलमुळे तर विचारूच नका. घरी परत जायला चक्क नकार देणारी जाहिरात! आमच्या वाडीत लग्नाच्या मांडवातून पोराला ओढून न्यायची वेळ आली की ते पोर तीच चाल लावायचं.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळं. माझं ठाम मत आहे की एस्सेलवर्ल्डची सगळ्यात भारी राइड तिकिटाच्या आत नव्हतीच. ती होती बोट. मालाड स्टेशनहून २७२ नंबरची बस पकडून मार्वे, नाहीतर बोरिवलीहून २९४ ने गोराई खाडी, आणि मग लाँच. रोज लोकलला लोंबकळणारा माणूस त्या लाँचमध्ये बसला की एकदम पर्यटक व्हायचा. खाडीचा तो वास, दोन्ही बाजूंना तिवरं, आणि मग झाडांच्या डोक्यावरून हळूच वर येणारा कोस्टरचा रूळ. तो दिसला की अख्खी बोट एका बाजूला. नावाडी ओरडायचा, "बसा खाली, बसा!" कोण बसतंय!

शहरातून रस्त्याने थेट गाडी आत लावता आली असती तर मला नाही वाटत आपण हा पार्क इतका डोक्यावर घेतला असता. तुमचं काय म्हणणं?

तिखटमीठ

पहिला प्रतिसाद माझा! बोटीला हजार मोदक (म्हणजे अनुमोदन).

आम्ही डोंबिवलीच्या. महिला मंडळाची सहल. निघण्याआधी आठवडाभर चर्चा एकच, साडी की ड्रेस. शेवटी ठरलं, ज्यांना ड्रेस चालतो त्यांनी ड्रेस, बाकीच्यांनी साडीला भरपूर पिना. डबे मार्व्याच्या धक्क्यावरच उघडले. मेथीचे ठेपले, सुकी बटाट्याची भाजी, आणि एका काकूंनी आणलेली खोबऱ्याची वडी जी वाटेतच अर्धी झाली होती.

आत जाऊन बायका सगळ्यात आधी कुठे पळाल्या असतील? बर्फाच्या रिंकवर! आयुष्यभर बर्फ बघितला तो गोळेवाल्याच्या रंध्याखाली, नाहीतर मासेवालीच्या पाटीत. इथे जमीनच बर्फाची. बूट घालून उभं राहायचं एवढंच जमलं. साठी ओलांडलेल्या एक काकू कठडा धरून एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "झालं माझं स्वित्झर्लंड." पुढे कितीतरी वर्षं मंडळात कोणी परदेशी जाऊन आलं की त्या म्हणायच्या, आम्ही आधीच जाऊन आलोय.

पाटीपेन्सिल

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी शिक्षक. (आता निवृत्त.)

तुम्हा सगळ्यांना आठवतात झिपर डिपर, हूला लूप वगैरे राइड. मला आठवते हजेरी. शाळेतून निघताना हजेरी, बसमध्ये हजेरी, धक्क्यावर हजेरी, बोटीत चढताना मुंडकी मोजणे, उतरताना पुन्हा मोजणे. सहलीआधी पालकांची संमतीपत्रं गोळा करायची. त्यातली निम्मी सही पोरांनीच केलेली असायची, हे आम्हाला कळायचं. वडिलांच्या सहीत 'ळ' ला अशी वेलांटी कोण काढतो!

आत शिरलं की गट पाडायचे आणि सांगायचं, चार वाजता कारंज्यापाशी. चारला कारंज्यापाशी फक्त मुली. मुलगे डॅशिंग कारवर. त्या गाड्यांच्या मागच्या काठीतून वर जाळीला ठिणगी उडायची ना, ती बघायला पोरं पुन्हा पुन्हा रांगेत लागायची. एकदा एक पठ्ठ्या सापडेचना. सगळ्या राइड पालथ्या घातल्या. हा बाबा एंटरप्राइजच्या रेलिंगला टेकून उभा. विचारलं, बसलास का? म्हणाला, "नाही सर, पडत का नाहीत ते बघतोय." पाळणा पूर्ण उभा होतो, डबे उलटे होतात, आणि कोणी पडत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात केंद्राभिमुख बल शिकवायला मला फळ्यावर चित्र काढावं लागलं नाही. तास त्यानेच घेतला म्हणा ना.

पण परतीच्या बोटीत मी पहिल्यांदा श्वास घ्यायचो. तेव्हा मधलीसुट्टी यांच्याशी सहमत, बोट उत्तम. कारणं निराळी.

पुणेरी_कांदा

धागा वाचला. एक प्रामाणिक शंका. एवढं काय होतं त्यात? आमच्याकडे जत्रेत मौत का कुआँ असायचा. फळकुटांच्या विहिरीत माणूस मोटारसायकल फिरवतो, वर उभ्या लोकांच्या हातातली नोट खेचून घेतो. त्यापुढे ह्या लोखंडी पाळण्यांचं कसलं कौतुक? आणि त्यासाठी अर्धा दिवस प्रवास?

(हलकेच घ्या.)

मधलीसुट्टी

पुणेरी_कांदा, जत्रेत तुम्ही बघता. इथे तुम्ही स्वतः बसता. फरक आहे. आणि अर्ध्या दिवसाच्या प्रवासाचं म्हणाल तर मुंबईकर तेवढा रोजच करतो, फक्त शेवटी ऑफिस येतं.

खाडीपल्याड

बरेच दिवस वाचनमात्र होतो, ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी गोराईचाच. ईस्ट इंडियन, म्हणजे इथला मूळचा मराठी ख्रिस्ती.

तुमचं सगळं वाचून मजा वाटली, कारण आमच्याकडे सगळं उलटं. तुम्ही बोटीने मजा करायला यायचात, आम्ही बोटीने कॉलेजला, बाजाराला, दवाखान्याला जायचो. तुम्हाला खाडीचा जो वास येतो तो बहुतेक आमच्या वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा असणार. शेवटची बोट चुकली की उत्तन, भाईंदर करून अख्खा वळसा. त्यामुळे बोट रोमँटिक वगैरे आहे हे मला तुमच्याकडूनच कळतंय.

पार्क आला तेव्हा गावात दोन मतं होती. जमिनीवरून, खाडीवरून बरंच काही झालं, पुढे पर्यटनाच्या मोठ्या योजनांना विरोधही झाला. ते सगळं इथे काढत नाही, धागा आठवणींचा आहे. पण आमच्या पिढीतल्या खूप जणांची पहिली नोकरी तिथलीच, हेही खरं. कोणी तिकीट खिडकीवर, कोणी बागेत, कोणी राइडवर.

माझा मामा राइड ऑपरेटर होता. लोक बसले की तो एकेका डब्यापाशी जाऊन मांडीवरचा दांडा दोनदा खाली दाबायचा. एकदा नाही, दोनदा. मग मागे सरायचा, केबिनकडे बघून अंगठा वर करायचा, तेव्हाच बटण दाबलं जायचं. दिवसभर हेच. घरी माझ्या बहिणीच्या बाळासाठी पाळणा बांधला, तर मामाने दोरी दोनदा खेचून बघितली आणि आपोआप अंगठा वर केला. समोर केबिन नाही, आजी उभी. आजी म्हणाली, "चालू करू?"

वारा आमच्या दिशेने असला की संध्याकाळी पार्कातली गाणी घरात ऐकू यायची. परीक्षेच्या दिवसांत त्याचा वैताग यायचा. सणाला, म्हणजे जानेवारीत आमच्या होली मॅजाय चर्चचा तीन राजांचा सण असतो, पाहुणे आले की पोरांची एकच मागणी, मामाला सांग आत सोड. मामा सोडायचा नाही. तिकीट काढा म्हणायचा.

तिखटमीठ

खाडीपल्याड, मामांना नमस्कार सांगा. "चालू करू?" वाचून चहा सांडला.

नटबोल्ट

खाडीपल्याड यांच्या मामांबद्दल वाचून लिहायला बसलो. मी मेकॅनिकल. दुसऱ्या एका पार्कच्या मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढली आहेत, एस्सेलवर्ल्डमध्ये नाही. पण लोखंड सगळीकडे सारखंच गंजतं.

तो दांडा दोनदा दाबण्याला अर्थ आहे. दांड्याला आत खाचा असतात, खटका खाचेत बसला की दांडा खाली जातो पण वर येत नाही. पहिल्या दाबाने खटका बसतो. दुसऱ्याने तो खरंच बसलाय ना ते कळतं. चांगला ऑपरेटर हाताला जाणवणाऱ्या त्या धक्क्यावरून सांगतो की डबा बरा आहे की संध्याकाळी वर्कशॉपला पाठवायचा.

आता रोलर कोस्टर. लोकांना वाटतं गाडीत मोटर आहे. नाही. चढावर एक लांब साखळी असते, ती गाडीला हुकाने धरून वर ओढते. माथ्यावर साखळी सोडून देते, तिथून पुढे फक्त गुरुत्वाकर्षण. चढताना जो टक टक टक आवाज येतो आणि पोटात गोळा येतो, तो साखळीचा नाही. गाडीखाली एक लोखंडी जीभ रुळामधल्या दात्यांवरून घसरत असते. साखळी तुटली, वीज गेली, तरी जीभ दात्यात अडकते आणि गाडी मागे येत नाही. म्हणजे ज्या आवाजाला तुम्ही सगळ्यात जास्त घाबरता तो तुमच्या सुरक्षिततेचा आवाज आहे.

सकाळी दारं उघडायच्या आधी राइड रिकाम्या फिरवतात. कान लावून. आणि खाऱ्या हवेत हे काम दुप्पट होतं. हवेतलं मीठ रंगाच्या बारीकशा चिरेतून आत शिरतं आणि पापुद्र्याखाली गंज चालू होतो. वरून रंग चकचकीत, नखाने खरवडलं की तांबडी भुकटी. वेल्डच्या जोडावर तर विशेष लक्ष. तिथली भेग डोळ्याला दिसत नाही, रंगद्रव्य लावून किंवा चुंबकीय भुकटी टाकून बघावी लागते. समुद्राकाठचा पार्क बघायला सुंदर, सांभाळायला महाग. मुंबईचा पावसाळा वेगळाच.

बोरिवली_स्लो

नटबोल्ट, तुमचा प्रतिसाद कापून ठेवला. आता मूळ प्रश्न. बंद का पडलं? कोणाला नक्की माहीत आहे का?

नटबोल्ट

आतल्या हिशेबाबद्दल मी बोलणार नाही. पण धंद्याची रीत सांगतो, बाकी तर्क तुम्हीच करा.

वॉटर किंगडम १९९८ चं. ते चालू आहे, पाळण्यांचा पार्क नाही. ह्यात मला नवल वाटत नाही. पाण्याच्या घसरगुंडीत फिरणारा भागच नाही. फायबरची पन्हळ, खाली पंप, गाळणी, क्लोरीन. पंप बिघडला तर बाजारातून दुसरा येतो. पाळण्यात मोटर, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, बेअरिंग. बनवणारी कंपनी अनेकदा परदेशातली, कधी ती कंपनीच बंद झालेली, मग सुटा भाग करवून घ्या. ग्राहकाच्या बाजूने बघा. घसरगुंडीवर तोच माणूस दिवसभर पुन्हा पुन्हा जातो. पाळण्याला मात्र दर काही वर्षांनी नवा काहीतरी आणावा लागतो, नाहीतर "हे आम्ही बघितलंय" सुरू होतं. एक मोठी राइड म्हणजे काही कोटी.

त्यात कर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा करमणूक पार्कच्या तिकिटावर २८ टक्के लागला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला. मधल्या काळात देशभरातल्या पार्कवाल्यांनी बरीच ओरड केली होती. आणि मग २०२०. पार्क बंद असला तरी लोखंड गंजायचं थांबत नाही. न फिरणारा पाळणा फिरणाऱ्यापेक्षा लवकर खराब होतो.

बोरिवली_स्लो

माझ्या मते बोटच नडली. मधलीसुट्टींना राग येईल, पण ज्या बोटीचं तुम्ही कौतुक करताय तिच्यामुळेच लोक जायचे थांबले. १९९५ साली बोट म्हणजे मजा. आज घरात दोन लहान मुलं, एक म्हातारी आई, गाडी दाराशी. मग माणूस एक्स्प्रेसवे धरून खोपोलीला सरळ इमॅजिकाच्या पार्किंगमध्ये गाडी लावतो. भाईंदरकडून रस्ता आहे, पण पश्चिम उपनगरातल्या माणसाला समोर दिसणाऱ्या किनाऱ्यावर जायला एवढा वळसा कोण घालणार?

मधलीसुट्टी

राग नाही. पण मग असं म्हणा की आपणच बदललो. बोट तीच होती.

बोरिवली_स्लो

हो, पण तिकीट आपणच काढायचं होतं ना! तुम्ही शेवटचं कधी गेलात? मी विचारलं म्हणून सांगा.

मधलीसुट्टी

...लग्नाआधी.

पाटीपेन्सिल

धाग्याचा निकाल लागला. :)

जर्सीकर

इथे न्यू जर्सीतून वाचतोय. आमच्या किनाऱ्यावर सीसाइड हाइट्स म्हणून गाव आहे, तिथे समुद्रात शिरलेल्या धक्क्यावर पाळणे. २०१२ च्या सँडी वादळात धक्का कोसळला आणि जेट स्टार नावाचा अख्खा रोलर कोस्टर अटलांटिकमध्ये जाऊन उभा राहिला. कित्येक महिने तसाच, लाटांत. लोक फोटो काढायला यायचे. मीही गेलो, आणि शेजारी उभ्या अमेरिकन आजोबांना सांगून बसलो की आमच्या मुंबईला पण समुद्राकाठी असाच एक कोस्टर आहे. तेव्हा आपला चालू होता. माणूस परगावी गेला की कशाचाही अभिमान बाळगतो.

जाता जाता, कोणाला अ‍ॅक्वा डाइव्ह आठवते का? बोट वरून सुळकन पाण्यात. आमचे बाबा ऑफिसच्या पँटमध्ये बसले होते आणि खिशात लोकलचा पास. प्लॅस्टिकच्या पाकिटात होता म्हणून वाचला, पण फोटो धुवून निघाला. महिना संपेपर्यंत टीसीला चेहऱ्याऐवजी पांढरा डाग दाखवायचे.

तिखटमीठ

जर्सीकर, हाहाहा. टीसी काय म्हणायचा?

जर्सीकर

म्हणायचा, "कुठे गेला होतात?" बाबा म्हणायचे, "एस्सेलवर्ल्ड." सोडून द्यायचा.

पुणेरी_कांदा

बरं, एक कबूल करतो. मॉन्स्टर्स इन द मिस्टमध्ये मीही गेलो होतो, चुलत भावांबरोबर. अंधारातून चालत जायचं, मध्येच काहीतरी अंगावर येतं. मी सगळ्यात मागे राहिलो होतो, म्हणजे सुरक्षित. तर ते भूत मागूनच आलं. बाहेर येईपर्यंत मी सगळ्यात पुढे होतो.

नटबोल्ट

कांदा, मागे राहणं हा चुकीचा हिशेब आहे, कोस्टरमध्येसुद्धा. लोक घाबरून शेवटच्या डब्यात बसतात. पण शेवटचा डबा माथ्यावर पोचतो तेव्हा पुढचे सगळे डबे उताराला लागलेले असतात. ते त्याला ओढतात. त्यामुळे मागच्या डब्याला माथा वेगात ओलांडावा लागतो आणि आसनावरून उचलल्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच होतं. पुढच्या डब्याचं उलट. तो माथ्यावरून वाकतो तेव्हा मागचे डबे अजून चढत असतात, त्याला धरून ठेवतात. म्हणून पुढे बसणारा खाली बघत जरा लटकतो. घाबरट माणसाने मधे बसावं.

बोरिवली_स्लो

असहमत. पुढची सीट ती पुढची सीट. समोर कोणाचं डोकं नाही, फक्त रूळ, आणि मग रूळही नाही.

खाडीपल्याड

मामाला विचारलं. तो म्हणतो, मागे बसणारे जास्त ओरडायचे, पण पुढच्या सीटसाठी जास्त भांडायचे.

नटबोल्ट

मामांनी माझ्या बाजूने निकाल दिला असं मी धरतो.

बोरिवली_स्लो

अजिबात नाही! भांडण पुढच्यासाठी होतं म्हणजे पुढचीच चांगली. मामांना पुन्हा विचारा.

खाडीपल्याड

पुन्हा विचारलं. म्हणतो, तिकीट काढा मग सांगतो.